मंदावलेला लॅपटॉप

बटन दाबले, दिवा लागला, पंख्याची बारीक घरघर सुरू झाली. परंतु पडदा काही उजळेना. तेवढ्यात घरातल्यांचा चहा होऊन कपबश्याही विसळून झाल्या, तेव्हा कोठे पडद्यावर चित्रे दिसू लागली. पाच-सात वर्षे वापरलेल्या लॅपटॉपचा हा अनुभव आज पुष्कळ घरांत येतो. अशा वेळी घरातील कोणीतरी वडीलधारे माणूस निकाल देऊन मोकळे होते, "म्हातारा झाला तो, भंगारवाल्याला देऊन टाका!" निकाल ऐकावयास सोपा खरा, पण तो चौकशी न करताच दिलेला असतो.

माणूस वृद्ध झाला की त्याचे स्नायू शिथिल होतात, पाऊल जड पडते. लॅपटॉपचे तसे नसते. त्यात आकडेमोड करणारा जो मुख्य भाग, त्यास प्रोसेसर म्हणतात. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर त्याची रचना कोरलेली असते. कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवशी तो एका सेकंदात जितकी गणिते करीत असे, तितकीच सात वर्षांनंतरही करू शकतो. मग यंत्र मंद का भासते? बहुतेक वेळा प्रोसेसर दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत खोळंबलेला असतो. तो कशासाठी खोळंबला आहे, हे शोधून काढले की निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समजावे.

हे नीट कळण्यासाठी एखादे वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. दुकानदार चपळ आहे. त्याच्या हाताशी एक फळी आहे. तिच्यावर साखर, चहा, साबण असा नित्य लागणारा माल मांडलेला आहे. बाकीचा सारा माल मागच्या कोठारात आहे. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू फळीवर असली, तर ती क्षणात मिळते. कोठारातून आणावयाची झाली, तर वेळ लागतो. फळी लहान आणि गिऱ्हाइके फार, असे झाले म्हणजे दुकानदाराचा सारा दिवस फळी व कोठार यांच्यामध्ये येरझारा घालण्यात जातो. लॅपटॉपात दुकानदार म्हणजे प्रोसेसर, फळी म्हणजे रॅम नावाची तात्पुरती स्मृती, आणि कोठार म्हणजे हार्ड डिस्क.

या कोठाराची रचना पाहण्याजोगी आहे. हार्ड डिस्क म्हणजे गरगर फिरणारी एक चुंबकीय तबकडी. लॅपटॉपातील तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ सहस्रांश सेकंद लागतात. आपल्याला हा वेळ जाणवणारही नाही. परंतु सेकंदाला दोन अब्ज ठोके देणारा प्रोसेसर तेवढ्यात दोन कोटींहून अधिक ठोके देऊन बसलेला असतो. हव्या त्या ठिकाणची माहिती सुईखाली येईपर्यंत त्याने हात बांधून थांबावयाचे. अशा शेकडो लहान लहान खोळंब्यांची बेरीज होते आणि चहा निवून जातो.

फळी अपुरी पडण्याची ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः एक संगणक बांधला. तो १९६० साली काम करू लागला, आणि १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. अशा यंत्रात एखादी नळी निकामी झाली की सारेच अडे, आणि हजारो नळ्यांतून नेमकी तीच हुडकून काढणे हे धीराचे काम असे. टिफ्रॅकची स्मृती वाढवल्यानंतरही २,०४८ शब्दांची होती, व प्रत्येक शब्द ४० अंकस्थानांचा. आजच्या चार गिगाबाइट रॅमच्या साध्या लॅपटॉपात त्याच्या सुमारे चार लाख पट जागा असते. तरीही ती पुरत नाही. याचे कारण उघड आहे : जागा वाढली तसा पसाराही वाढला.

आता दुरुस्तीकडे वळू. दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम डोळे व कान वापरावे, हात मागाहून. लॅपटॉप सुरू होताच मंद असतो, की पंधरा-वीस मिनिटांनी मंद होतो? केवळ इंटरनेटवरील पाने उघडताना अडखळतो, की साधे टिपण लिहितानाही? पाने तेवढी उशिरा उघडत असतील, तर तेच पान त्याच जोडणीवर दुसऱ्या यंत्रात उघडून पाहावे. तेथेही विलंब झाला, तर दोष जोडणीत आहे, आणि लॅपटॉपवर उगाच आळ आला आहे. हे न पाहता कित्येक जण नवा लॅपटॉप विकत घेतात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते यालाच.

साधे कामही अडखळत असेल, तर यंत्रालाच विचारावे. विंडोज प्रणालीवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' नावाचा एक तक्ता उघडतो. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांपैकी कोण किती गुंतलेले आहे, हे त्यात टक्क्यांनी दिसते. लॅपटॉप सुरू केल्यावर पाचएक मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग कोणता आकडा सारखा शंभराजवळ राहतो ते पाहावे.

स्मृतीचा आकडा चढलेला असेल, तर फळी भरलेली आहे. उघडी ठेवलेली वीस-वीस पाने बंद करावीत. लॅपटॉप सुरू होताच न बोलावता जागे होणारे कार्यक्रम त्याच तक्त्यात सापडतात; नको असतील ते तेथेच थांबवता येतात. एवढ्याने भागले नाही, तर रॅमची आणखी एक पट्टी बसवता येते. मात्र काही लॅपटॉपांत रॅम कायमची डाखलेली असते, म्हणून आधी चौकशी करून मगच पैसे मोजावे.

स्मृती मोकळी असून डिस्कचाच आकडा शंभरावर खिळला असेल, तर गोष्ट अधिक गंभीर. डिस्क काठोकाठ भरली असेल, किंवा झिजत चालली असेल. तीतून 'टकटक' असा आवाज येऊ लागला, तर इतर सर्व उपाय बाजूस ठेवून आपली कागदपत्रे, छायाचित्रे, अभ्यासाच्या वह्या दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो. आजोबांचे एकुलते एक छायाचित्र पुन्हा काढता येत नाही. त्यानंतर जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. हिच्यात फिरणारा एकही भाग नसतो, सारी माहिती स्थिर चिपांत असते. त्यामुळे तबकडीचा फेरा पुरा होण्याची वाट पाहावी लागत नाही. जुन्या यंत्राला एवढा गुण देणारे दुसरे औषध क्वचितच असेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, असे भाग विकणारी दुकाने ओळीने आहेत.

काही लॅपटॉप प्रारंभी नीट चालतात आणि थोड्या वेळाने मंदावतात. त्यांचा रोग उष्णतेचा. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की जळून जाऊ नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. पंख्याच्या जाळीत धूळ बसली, किंवा प्रोसेसर व त्याला थंड ठेवणारी धातूची पट्टी यांच्यामधील लेप वाळून गेला, म्हणजे हे घडते. मानखुर्दसारख्या ठिकाणी धुळीला तोटा नाही. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावरून अवजड वाहने अखंड जात असतात, आणि खाडीवरून येणाऱ्या दमट वाऱ्याने ती धूळ जाळीला चिकटून बसते. धूळ काढण्यापूर्वी यंत्र बंद करावे, विजेची तार काढावी, आणि मऊ कुंचल्याने जाळी झाडावी. तोंडाने फुंकर मारू नये. तिच्याबरोबर ओलावा आत जातो. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरण्याची सवयही वाईट, कारण गादी त्याचे नाकच दाबून धरते. झाकण उघडून लेप बदलणे हे मात्र जाणत्याचे काम आहे. आणि लॅपटॉपची पाठ किंवा कळफलक फुगून वर आलेला दिसला, तर बॅटरी फुगली आहे असे समजून त्याचा वापर तत्काळ थांबवावा. फुगलेली बॅटरी टोचली वा दाबली, तर पेट घेते.

हे सारे करताना एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा. चार उपाय एकदम केले, तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

यंत्रात दोष नसूनही ते मंद पडते, अशीही एक स्थिती आहे. नवे कार्यक्रम लिहिणारे नव्या, बलवान यंत्रांचा हिशेब धरतात. जुन्या यंत्रावर बोजा तेवढा वाढतो. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिच्या पुढची प्रणाली कित्येक जुन्या लॅपटॉपांना पेलतच नाही. अशा यंत्रावर लिनक्सच्या कुळातील एखादी हलकी प्रणाली घालता येते. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली 'बॉस' ही त्याच कुळातील. बोजा बेताचा ठेवला, तर लहान यंत्रही किती काम देते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यात आहे. कर्जतजवळच्या खैराट येथील धनगरवाड्यावरील शाळेत २००७ साली लहान मुलांना वीस-बावीस हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. त्यांत फिरती तबकडी नव्हती, पंखा नव्हता, आणि स्मृती अवघी २५६ मेगाबाइट होती. त्यावर मुले लिहीत, चित्रे काढीत, छायाचित्रे घेत. कारण आतील कार्यक्रमच त्या यंत्राच्या अंगाबेताने शिवलेले होते. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी तेथील मुलांच्या शिकण्याचा पुढे अभ्यास केला. हे केंद्र टिफ्रॅक बांधणाऱ्या संस्थेचेच आहे.

सर्व उपाय थकले, तर लॅपटॉप टाकावा लागतो. पण तो घंटागाडीत टाकू नये. मानखुर्दच्या शेजारीच देवनारची कचराभूमी आहे. ती १९२७ साली सुरू झाली. जानेवारी २०१६ मध्ये तिला मोठी आग लागली, तेव्हा धुराने आसपासच्या वस्त्या भरून गेल्या आणि काही दिवस शाळा बंद ठेवाव्या लागल्या. लॅपटॉपात तांबे असते, जोडांवर किंचित सोनेही असते. तसेच जुन्या डाखात शिसे असते, आणि तारांवरचे प्लास्टिक जाळले की विषारी धूर होतो. म्हणून आधी डिस्क काढून घ्यावी, बॅटरी वेगळी करून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावावी, आणि उरलेले यंत्र ई-कचऱ्यावर प्रक्रिया करण्याचा परवाना असलेल्या केंद्राकडे पोहोचते करावे.