सांजवेळची दुर्बीण

दुर्बीण जितकी मोठे करून दाखवील तितकी ती चांगली, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. दाजीपूरच्या रानात सांजवेळी गवे पाहण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी तो तपासून पाहावा.

दाजीपूरचे जंगल एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारीची जागा होती. १९५८ साली तेथे गव्यांचे अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गव्याला पुरते संरक्षण दिले. बंदूक गेली, शिकाऱ्याची जुनी अडचण मात्र आपल्या वाट्याला राहिली. गवा उन्हाच्या वेळी दाट झाडीत विसावतो आणि उजेड मावळू लागला की चरावयास बाहेर पडतो.

दुर्बिणीवर ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ८×४० मध्ये ती ५ मिलिमीटर येते, १०×२५ मध्ये अवघी अडीच. रुंदी दुप्पट, म्हणजे उजेड चौपट. भर दुपारी डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असल्याने हा फरक जाणवत नाही. अंधारात मात्र तरुणाची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. म्हणून विद्यार्थ्याला ७×५० चा पुरेपूर लाभ होतो. पन्नाशीनंतर ती बहुधा पाचाच्या आसपासच थांबते. तेव्हा प्राध्यापकांनी राग न मानता हलकी ८×४० घ्यावी!

बंदुकीवरच्या दुर्बिणीचे गणितही हेच. जर्मनीत रात्री रानडुकरांच्या मागावर जाणारे शिकारी ८×५६ ची दुर्बीण पसंत करतात, ती याच कारणाने. ३ ते ९ पट मोठे करणारी ४० मिलिमीटरची दुर्बीण असेल, तर नऊ पटीला झोत ४.४ मिलिमीटरचा पडतो आणि सहा पटीला ६.७ चा. उजेड कमी होईल तशी पट उतरवावी, हा त्यातला धडा. शिवाय पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो.

दाजीपूरला एका संध्याकाळी मित्राजवळ १०×२५ होती, माझ्याजवळ ८×४०. त्याला झाडीच्या कडेला काळा ठिपका तेवढा दिसला. ‘एकटाच आहे, जरा पुढे जाऊ,’ तो म्हणाला. माझ्या दुर्बिणीत प्रथम गव्याच्या पायांतले पांढरे मोजे दिसले आणि मग त्या पायांआड उभे असलेले तांबूस वासरू. आम्ही होतो तेथूनच मागे फिरलो. वासराजवळची गाय किती धोक्याची, हे राधानगरी भागातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

दुकानात दुर्बीण दुपारच्या उजेडात पारखू नये. दिवे लागणीला बाहेर येऊन समोरच्या झाडाच्या सावलीत काय दिसते ते पाहावे, मगच पैसे मोजावेत.