वकिलाची पाटी, इंटरनेटवर

वकिलानं स्वतःची जाहिरात करायची नाही, हा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ३६व्या नियमाचा दंडक. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी, असं त्यात म्हटलं आहे. इंटरनेट आल्यावर प्रश्न उभा राहिला, की वेबसाइट ही पाटी समजायची की जाहिरात? व्ही. बी. जोशी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २००८ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वेबसाइटवर एवढंच द्यायची मुभा मिळाली : नाव-पत्ता, फोन, ई-मेल, सनदेचा क्रमांक नि तारीख, बार कौन्सिल आणि बार असोसिएशन, शिक्षण, कामाची क्षेत्रं. वर, माहिती खरी असल्याचं निवेदन. बस्स. तालुक्याच्या गावात वकिली करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरगुती साइट या सवलतीतून जन्मल्या.

एवढ्या मजकुराला खरं तर एक पान पुरतं. पण तेव्हाच्या साइट आठवून बघा. इंजिनिअरिंगला असलेला कुणाचा तरी भाचा सुट्टीत बसून करून द्यायचा. वर तराजू-तलवारवाली न्यायदेवता, डोळ्यांवर पट्टी. खाली डावीकडे सरकत जाणारं सुस्वागतम. तळाशी किती जण येऊन गेले त्याचा आकडा. तो बहुतेक वेळा घरच्याच मंडळींनी वाढवलेला. (सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातल्या नव्या पुतळ्याच्या डोळ्यांवरची पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आलं. वकिलांच्या साइटवरची देवी मात्र अजून पट्टी बांधून उभी आहे.)

मराठी मजकुराची तर दैनाच होती. टायपिस्ट शिवाजी नाहीतर श्रीलिपीत टाइप करून द्यायचा. तो फाँट ज्याच्या संगणकावर नसेल त्याला रोमन अक्षरांचा कचरा दिसायचा. म्हणून पुष्कळ जणांनी मजकुराचं चित्रच करून चिकटवलं. दिसायला ठीक, पण गुगलला त्यातलं एक अक्षर वाचता यायचं नाही. फोन नंबरही चित्रातच, त्यामुळे पुढे मोबाइल आले तरी नंबरावर बोट ठेवून फोन लागायचा नाही.

सुधारणा झाल्या त्या बहुतेक फुकट झाल्या, ही या काळातली मोठी गंमत. युनिकोड रुळलं आणि फाँटचा घोळ मिटला. एसएसएल सर्टिफिकेटला, म्हणजे साइटच्या कुलपाला, पूर्वी दर वर्षी पैसे मोजावे लागायचे. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टनं ते फुकट द्यायला सुरुवात केली. तरी कित्येकांनी घेतलं नाही. मग जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक बिनकुलपाच्या साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारू लागला. वकिलाच्या नावाशेजारी असा शेरा! त्या महिन्यात आमच्या बार रूममधून भाच्यांना बरेच फोन गेले. मोबाइलचंही तसंच. एप्रिल २०१५ पासून गुगल मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना वरची जागा देऊ लागलं, पण आम्हाला जाग आली २०१६ मध्ये जिओ आल्यावर, पक्षकार खिशातून फोन काढून साइट दाखवायला लागला तेव्हा.

खरी मेहनत पडली ती देवनागरी वाचनीय करण्यात, आणि त्याबद्दल कुणी फारसं सांगत नाही. तयार साचे बनतात इंग्रजीसाठी. त्यांतल्या मथळ्यांच्या अक्षरांत ऐटीसाठी अंतर सोडलेलं असतं. मराठीत तेच अंतर आलं की शिरोरेषा तुटते आणि ‘दिवाणी’चे तीन सुटे तुकडे दिसतात. उपाय एका आकड्याचा : ते अंतर शून्य करायचं. दुसरं, ओळींमधली जागा. इंग्रजीच्या मापात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत अडकतात. अक्षराच्या उंचीच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर दिलं की ओळी मोकळ्या होतात. तिसरा फाँट. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता गुगल फाँट्सवर मोफत आहे. त्याची सात वजनं आहेत. साधं आणि ठळक अशी दोनच घ्यावीत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल मुळात जड असते आणि सातही मागवली तर खेड्यातल्या नेटवर पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. ऑफिसच्या फोटोचंही तेच. मोबाइलचा चार-पाच एमबीचा फोटो स्क्वूशसारख्या फुकटच्या साधनात घालून दीडशे-दोनशे केबीवर आणला, तर बघणाऱ्याला फरक कळत नाही.

पैसे लागतात ते डोमेनला, वर्षाला हजाराच्या आसपास. पहिल्या वर्षी नव्व्याण्णव रुपये वगैरे आमिष असतं. बघायचा तो नूतनीकरणाचा दर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते नावावर कुणाच्या आहे. डोमेन म्हणजे साइटचा सातबारा, होस्टिंग म्हणजे नुसती भाड्याची जागा. दुसऱ्यांचे उतारे रोज तपासणाऱ्या वकिलांपैकी कितीतरी जणांचं डोमेन साइट करून देणाऱ्याच्या नावावर निघतं, आणि तो गाव सोडून गेल्यावर मालकी सिद्ध करायची पाळी येते. होस्टिंगवर तर या कामासाठी खर्च करूच नये, असं माझं मत. एका पानासाठी वर्डप्रेस, त्याचा डेटाबेस आणि आठवड्याला अपडेट मागणारे प्लगिन कशाला? साधं एचटीएमएलचं पान गिटहब पेजेसवर फुकट राहतं, आपल्या डोमेनसकट आणि कुलपासकट.

बाकी जे सुधारलं ते काढून टाकल्यानं. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ऑनलाइन पोर्टलवरून कामं मिळवणाऱ्या वकिलांवर कारवाई करा, असं बार कौन्सिलला बजावलं, तेव्हा बऱ्याच साइटवरून ‘अशिलांचे अभिप्राय’ आणि ‘गाजलेले खटले’ रातोरात गेले. आधीच जायला हवे होते. नियमात ते बसतच नव्हते. ‘मी स्वतःहून ही माहिती मागत आहे’ असं कबूल करून घेणारी चौकट मात्र टिकून आहे. २००८ च्या दुरुस्तीत तशी चौकट कुठेच मागितलेली नाही, पण मोठ्या फर्मनी लावली म्हणून तालुक्यातही लागली. मोबाइलवर तिचं बटण पडद्याबाहेर जातं आणि बिचाऱ्या पक्षकाराला पत्ताही बघता येत नाही.

माझ्या पानावरून खटल्यांच्या तारखांचा तक्ताही गेला. ई-कोर्ट्सवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. तिथला दुवा ठळक अक्षरांत दिला आहे आणि क्रमांक प्रत्येक पक्षकाराच्या फायलीवर लिहून देतो. संध्याकाळी फोन येतात ते येतातच : ‘‘वकीलसाहेब, ते नेटवर सतरा तारीख दाखवतंय. खरी आहे ना?’’