ब्लू नोटची तबकडी वाचणारे

जुन्या जाझ तबकड्यांचा संग्राहक नवी तबकडी हाती आली की लगेच वाजवत नाही. आधी ती वाचतो. कडेने धरून, उजेडात तिरकी करून तो शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधला कोरा पट्टा न्याहाळतो. तबकडी न्यूयॉर्कच्या ‘ब्लू नोट’ची असेल, तर त्या बोटभर पट्ट्यावर तिची जन्मकुंडलीच असते.

बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनने 1939 मध्ये मॅक्स मार्ग्युलिसच्या साथीने ही कंपनी काढली. लायनचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ त्याच वर्षी येऊन मिळाला. पुढे वुल्फने काढलेली वादकांची छायाचित्रं आणि रीड माइल्सची अक्षररचना यांतून कव्हरांची अशी घडण तयार झाली, की ती आजही दुरून ओळखू येतात. लायन वादकांना तालमीचेही पैसे देई. पण कंपनी छोटी, भांडवल बेताचं. त्यामुळे सुरुवातीच्या प्रती थोड्याच निघत. हँक मोब्लेची 1957 ची 1568 क्रमांकाची तबकडी आज हजारो डॉलरना जाते, ती त्यामुळेच.

ध्वनिमुद्रण करणारा रूडी व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढी. न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना हाच त्याचा स्टुडिओ. 1959 मध्ये तो एंगलवूड क्लिफ्सला स्वतःच्या स्टुडिओत गेला. टेपवरचा आवाज लॅकरच्या चकतीवर कोरण्याचं कामही तोच करी आणि कोऱ्या पट्ट्यावर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ अशी खूण सोडी. त्या चकतीवरून धातूचे साचे बनत आणि साच्यांतून ‘प्लॅस्टिलाइट’ कारखान्यात तबकड्या दाबल्या जात. या कारखान्याची खूण म्हणजे वळणदार ‘पी’. तो कानासारखा दिसतो, म्हणून संग्राहक त्याला ‘कान’च म्हणतात.

त्यानंतर पाळी लेबलाची. त्यावरच्या पत्त्यात 767 लेक्झिंग्टन अव्हेन्यू असेल तर तबकडी जुनी. 47 वेस्ट 63 वा रस्ता त्यानंतरचा. नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’ आणखी पुढचं. लेबलावर गोल खोल खाच उमटली असेल, तर ती जुन्या दाबयंत्राच्या साच्याची. मात्र एकट्या पत्त्यावर विसंबणारा फसतो. काटकसरीच्या कारखान्यात उरलेली जुनी लेबलं नव्या प्रतींवर चिकटत, कधी एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर दोन वेगळे पत्ते येत. म्हणून पत्ता, खाच, कान आणि कव्हर या सगळ्यांची साक्ष जुळवावी लागते.

1965 मध्ये कंपनी ‘लिबर्टी’ने विकत घेतली. प्लॅस्टिलाइटचं काम थांबलं आणि पुढच्या तबकड्यांवरून कान गेला. बाजारभाव इथेच कोसळतो. पण लिबर्टीच्या काळातल्या कित्येक प्रती व्हॅन गेल्डरनेच कोरलेल्या चकत्यांच्या साच्यांतून निघाल्या आहेत. पट्ट्यावर त्याचं नाव असतं, कान तेवढा नसतो. अशा प्रतीत आवाज कोरणारा हात तोच. कारखाना बदलल्याने दाबणीत फरक पडतो, पण किमतीतल्या दरीएवढा नव्हे. पहिल्या आवृत्तीची हौस असणाऱ्याने कानासाठी खुशाल पैसे मोजावेत. ज्याला ली मॉर्गनचा ट्रम्पेट ऐकायचा आहे, त्याने व्हॅन गेल्डरचं नाव शोधावं आणि उरलेल्या पैशांत आणखी चार तबकड्या घ्याव्यात.