ब्लूज : मुक्ततेनंतरचे गाणे

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा ते त्यांनी अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. तेथील लोकांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडविले, याचे त्यांना मोठे कौतुक होते. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु त्या सुटलेल्या लोकांचे पुढे काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. आज त्याचे उत्तर एका गाण्याच्या वाटेने शोधावे, असे आम्ही योजिले आहे. त्या गाण्याचे नाव ब्लूज.

ब्लूज म्हणजे गुलामांचे रडगाणे, असा एक समज रूढ आहे. त्याला कारणही आहे. इंग्रजीत निळा रंग हा खिन्नतेचा रंग मानला जातो आणि गाण्याला नाव पडले ते त्याच्यावरून. तथापि ‘गुलामांचे’ आणि ‘रडगाणे’ हे दोन्ही शब्द येथे चुकतात. कसे, ते पाहू.

गुलामांची गाणी होती, नाही असे नाही. पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या या लोकांजवळ तालाची आणि गळ्याची मोठी संपत्ती होती. १७३९ साली दक्षिण कॅरोलायनात गुलामांनी बंड केले. त्यानंतर तेथील कायद्याने त्यांना ढोल वाजविण्याची बंदी केली. ढोल गेला, पण हात, पाय आणि गळा कोण काढून घेणार? शेतात एकाने ओळ टाकावी आणि बाकीच्यांनी ती उचलावी, हा प्रकार चालूच राहिला. आपल्या भजनात बुवांची ओळ टाळकरी उचलतात, तसाच तो. मात्र ही सारी समुदायाची गाणी होती. कामाचे गाणे असो की देवाचे, त्यात बोलत होते ते ‘आम्ही’.

१८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. परंतु सुटका झाली ती माणसाची. जमीन होती तेथेच राहिली. १८७७ साली केंद्र सरकारने दक्षिणेतील सैन्याचा पाठिंबा काढून घेतला आणि जुने मालक पुन्हा शिरजोर झाले. १८९० च्या नव्या राज्यघटनेने मिसिसिपी राज्यात काळ्या माणसाचा मताधिकार जवळजवळ बुडविला. पोटासाठी त्याला जुन्याच मळ्यात बटाईने कापूस करावा लागला. घर मालकाचे, खेचर मालकाचे, बी मालकाचे; वर्षभराचे पीठमीठ मालकाच्या दुकानातून उधार. वर्षअखेरीस हिशेब व्हायचा आणि हिशेबाची वही मालकाच्याच हाती! कापूस कितीही पिको, कुळाच्या नावावर बाकी निघायचीच. ही वही आपण ध्यानात ठेवू; ती पुढे पुन्हा येणार आहे.

अशा स्वातंत्र्यात खऱ्या अर्थाने नव्या अशा दोनच गोष्टी होत्या. एक म्हणजे शनिवारची रात्र आपली झाली. दुसरी म्हणजे, कर्ज आणि पहारा चुकवून का होईना, माणूस मळा सोडून निघून जाऊ शकत होता. ब्लूज जन्मले ते या दोन गोष्टींतून. म्हणूनच त्यात आगगाडी, रस्ता, स्टेशन आणि सोडून गेलेले माणूस पुनःपुन्हा येते; आणि म्हणूनच त्यात प्रथमच ‘मी’ येतो. एकट्या माणसाला स्वतःचे सुखदुःख असू शकते आणि ते त्याने स्वतःच्या नावाने गावे, ही कल्पनाच गुलामाला परवडणारी नव्हती.

हे गाणे नेमके कोठे आणि केव्हा सुरू झाले, याची तिथी नोंदलेली नाही. परंतु शतक पालटण्याच्या सुमारास मिसिसिपी आणि याझू या नद्यांमधील सखल, काळ्याभोर मुलखात ते चांगले रुजलेले होते. १८९५ साली वसलेल्या डॉकरी नावाच्या मळ्यावर चार्ली पॅटन हा या पद्धतीचा पहिला नामांकित गवई वाढला. डब्ल्यू. सी. हँडी हे शिकलेले वाद्यवृंदकार १९०३ च्या सुमारास टटवायलर स्टेशनवर रात्री गाडीची वाट पाहत असता, एक फाटक्या कपड्यांचा माणूस गिटारच्या तारांवर चाकूचे पाते सरकवीत गात होता. असले संगीत हँडींनी कधी ऐकले नव्हते. पुढे त्यांनीच ब्लूज स्वरलिपीत बांधून छापले. त्यांचे ‘सेंट लुई ब्लूज’ १९१४ चे.

आता या गाण्याची घडण पाहू. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत यमक साधून उत्तर द्यायचे. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. पहिली ओळ षड्जाच्या आधारावर उभी राहते, दुसरी मध्यमावर जाऊन परत फिरते आणि तिसरी पंचमावरून उतरून घरी येते. प्रत्येक ओळ अर्ध्या जागेतच संपते. उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. मळ्यातले टाळकरी पांगले, त्यांची जागा सहा तारांनी घेतली!

आणि त्यातला गंधार! तो धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोहोंच्या मध्ये कोठे तरी हलत असतो. निषादाचीही गत तीच. आपल्या पेटीच्या पट्ट्यांत हा स्वर सापडायचा नाही. पियानोतही सापडत नाही, म्हणून पियानोवादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून त्याचा भास निर्माण करतो. गिटारवादक तार ओढून किंवा तिच्यावर बाटलीचा गळा सरकवून तो नेमका काढतो. ब्लूजचा सारा जीव या स्वरात आहे.

परंतु हे गाणे रडण्यासाठी मुळी नव्हतेच. शनिवारी रात्री मळ्याकडेच्या लाकडी झोपडीत लोक नाचत, पीत, हसत, त्यासाठी ते होते. दुःखाची गोष्ट सांगता सांगता गवई तिसऱ्या ओळीत अशी काही खोच मारी की सारी झोपडी हसून उठावी. दुःख तालात बसले म्हणजे ते आपल्यावर स्वार होत नाही, आपण त्याच्यावर स्वार होतो. रडगाणे आणि ब्लूज यांत हा फरक आहे.

१९२० साली मॅमी स्मिथ या गायिकेने ‘क्रेझी ब्लूज’ गायिले. कृष्णवर्णीय गायिकेची ही पहिली ब्लूज-तबकडी तडाख्याने खपली. १९२३ पासून बेसी स्मिथच्या तबकड्या लाखांनी खपू लागल्या. पण येथे ती वही पुन्हा उघडली. बेसीला दर गाण्यामागे ठरावीक रक्कम मिळे. खपाच्या उत्पन्नात तिचा वाटा नव्हता. १९३७ साली मोटार-अपघातात ती वारली आणि तिच्या कबरीवर १९७० पर्यंत नावाचा दगडही नव्हता. कापसाचा हिशेब आणि गाण्याचा हिशेब एकाच हाताचा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे माणसे उत्तरेकडे निघाली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिण सोडली. त्यांतलाच एक मडी वॉटर्स. १९४१ साली संशोधकांनी तो काम करीत असलेल्या मळ्यावर जाऊन त्याचे गाणे मुद्रित केले, तेव्हा त्याने स्वतःचा आवाज प्रथमच तबकडीवर ऐकला. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला. तेथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेची हाती घेतली आणि मळ्यातले गाणे शहराचे झाले. त्याच्याच एका गाण्यावरून १९६२ साली लंडनच्या गोऱ्या पोरांनी आपल्या संचाला ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव दिले. जॅझ आणि रॉक या दोन्ही प्रवाहांच्या उगमाशी ब्लूजचे हे पाणी आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून आवरते घेतो. टेक्ससमधील ब्लाइंड विली जॉन्सन हा आंधळा गवई देवाची गाणी गाई, पण त्याची तार बोले ती ब्लूजची भाषा. १९२७ साली त्याने एक गीत मुद्रित केले. त्यात शब्द नाहीत, नुसते गुणगुणणे आणि तारेचा आर्त सूर आहे. १९४५ साली तो दारिद्र्यात मेला. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्याचे ते गुणगुणणे आहे; आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. जोतीरावांनी ज्यांच्या मुक्ततेचे स्वागत केले, त्यांच्या नातवंडांचा आवाज आणि आपल्याकडचा आवाज तेथे शेजारी शेजारी चालले आहेत. मात्र तबकडी आकाशात गेली म्हणून खालची वही चुकती झाली, असे कोणी समजू नये. कायद्याने बेडी तुटते; हिशेब वेगळाच मागावा लागतो. ब्लूज ऐकताना आपण ती मागणी ऐकत असतो.