आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी इंडियास्किल्स स्पर्धा: आधी वय तपासा

आयटीआयमधील मुलांना क्रीडास्पर्धा माहीत असतात. आपल्या ट्रेडचीही राष्ट्रीय स्पर्धा होते, हे मात्र अनेकांना वय उलटल्यावर कळते. या स्पर्धेचे नाव इंडियास्किल्स. वेल्डिंग, प्लंबिंग, विटांचे बांधकाम, बेकरी, केशरचना अशी कितीतरी कौशल्ये तिच्यात आहेत.

निवड राज्य पातळीवरून राष्ट्रीय पातळीवर जाते. तेथील गुणवंतांतून वर्ल्डस्किल्ससाठी भारताचा संघ ठरतो. 2024 मध्ये राष्ट्रीय फेरी नवी दिल्लीत झाली आणि त्याच वर्षी फ्रान्समधील लियों येथे भारताने 4 कांस्यपदके मिळवली. त्यांपैकी एक पेस्ट्री व मिठाईकामातले, एक हॉटेलच्या स्वागतकक्षाच्या कामातले होते. म्हणजे पदक केवळ यंत्रावर काम करणाऱ्यांनाच मिळते असे नाही.

वयाचा नियम नीट वाचा. बहुतेक कौशल्यांत जागतिक स्पर्धेच्या वर्षी वय 22 पेक्षा जास्त नसावे. 2026 च्या शांघाय स्पर्धेसाठी याचा अर्थ, जन्म 1 जानेवारी 2004 रोजी किंवा त्यानंतरचा हवा. मेकॅट्रॉनिक्स, सायबर सुरक्षा अशा काही कौशल्यांत ही मर्यादा 25 आहे. दहावीनंतर एक-दोन वर्षे घरी बसून मग प्रवेश घेतलेल्यांनी हा हिशेब आधी करावा.

नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब पोर्टलवर होते. स्पर्धेत ठरलेल्या वेळेत, दिलेल्या आराखड्याप्रमाणे काम पूर्ण करायचे असते. मोजमाप आणि सुरक्षिततेलाही गुण असतात. त्यामुळे वर्गातला रोजचा जॉब घड्याळ लावून करा आणि मापे निदेशकांकडून तपासून घ्या.