'मूल कोण सांभाळतं?' : साध्या प्रश्नापासून संशोधनाच्या आराखड्यापर्यंत



पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि डोक्यात विषय आहे 'ग्रामीण भागातील बालसंगोपन : एक अभ्यास'. तुमचं असं काही चाललं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. माझ्या पीएचडीचं क्षेत्र याच्या आसपासचं असल्यामुळे हा विषय घेऊन अनेक जण बोलायला येतात. विषय चांगलाच आहे, फक्त त्यात अजून प्रश्न नाही. 'एक अभ्यास' म्हणजे नेमकं काय शोधणार, हे कळत नाही.

म्हणून आज एकच साधा प्रश्न घेऊ : खेड्यातल्या घरात लहान मूल दिवसभर कोण सांभाळतं? उत्तर सगळ्यांना माहीत आहे असं वाटतं. पण ते मोजायला गेलं की काय काय अडतं, ते क्रमाने बघू.

१. एका प्रश्नात चार प्रश्न

समजा तुम्ही प्रश्नावलीत लिहिलं, 'तुमच्या घरात मुलाला मुख्यतः कोण सांभाळतं?' आणि पर्याय दिले : आई, वडील, आजी-आजोबा, इतर. शंभर घरं फिरलात. बहुतेक ठिकाणी 'आई' या उत्तरावर खूण होईल. तक्ता तयार, टक्केवारी तयार, प्रकरण चौथं तयार!

आता त्यातल्याच एका घराचा दिवस डोळ्यासमोर आणा. मूल चौदा महिन्यांचं आहे. पहाटे आई गोठ्यात असते, तेव्हा ते आजोबांजवळ पडवीत. सात वाजता आई त्याला न्हाऊ घालते. भाकरी थापताना ते तिच्याच मागे रांगत असतं, एक डोळा तव्यावर आणि एक पोरावर. दहाला ती खुरपणीला जाते, मूल आजीकडे. दुपारी आजीला डुलकी लागते, तेव्हा शेजारची जाऊ अधूनमधून डोकावते. शाळा सुटली की आठ वर्षांची थोरली बहीण त्याला कडेवर घेऊन आळीभर फिरते. रात्री ते आईच्या कुशीत.

'आई' हे उत्तर खोटं नाही. पण उत्तर देणाऱ्या बाईने 'जबाबदारी कोणाची' हा प्रश्न ऐकला, आणि तुम्हाला विचारायचं होतं की वेळ कोणाचा जातो. खरं तर त्या एका वाक्यात चार वेगळे प्रश्न आहेत :

- भरवणं, धुणं, न्हाऊ घालणं ही कामं कोण करतं?
- मूल जागं असताना त्याच्यावर लक्ष कोणाचं असतं?
- ते आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायचं की नाही, हे कोण ठरवतं?
- काही बरं-वाईट झालं तर बोल कोणाला लागतो?

आपल्या उदाहरणातल्या घरात पहिल्याचं उत्तर आई असेल, दुसऱ्याचं निम्म्या दिवसासाठी आजी आणि थोरली, तिसऱ्याचं कदाचित वडील किंवा सासरे. चौथ्याचं मात्र पुन्हा आई. सेट-नेटला आपण 'कार्यात्मक व्याख्या' पाठ करतो ना, ती इथे लागते. 'सांभाळणं' या शब्दाने तुमच्या अभ्यासात काय मोजायचं, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे. चारही गोष्टी मोजल्या तरी हरकत नाही, पण वेगवेगळ्या मोजा.

२. वेळ मोजणारं सर्वेक्षण काय सांगतं?

लक्ष आणि वेळ मोजायचा एक मार्ग म्हणजे कालवापर सर्वेक्षण. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत असा प्रयोग झाला. त्यानंतर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने जानेवारी ते डिसेंबर २०१९ या काळात देशभर पहिलं मोठं सर्वेक्षण केलं आणि २०२४ मध्ये पुन्हा केलं. पद्धत अशी : आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून चोवीस तासांत काय काय केलं, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत भरायचं. सहा वर्षं आणि त्यावरील वयाच्या सदस्यांची नोंद घेतली जाते.

२०१९ चे आकडे बघा. घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेण्याच्या कामात २७.६ टक्के स्त्रिया सहभागी होत्या आणि त्यांचा रोजचा सरासरी वेळ १३४ मिनिटं होता. पुरुष १४ टक्के, आणि वेळ ७६ मिनिटं.

इथे वाचताना तीन गोष्टींची काळजी घ्या.

पहिली : १३४ मिनिटं ही *सहभागी* स्त्रियांची सरासरी आहे. सगळ्या स्त्रियांची सरासरी हवी असेल तर १३४ ला ०.२७६ ने गुणा. उत्तर साधारण ३७ मिनिटं. पुरुषांचं तसंच केलं तर जेमतेम ११ मिनिटं. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कोणता आकडा वापरला, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

दुसरी : ही 'काळजी' फक्त लहान मुलांची नाही. त्यात म्हातारी माणसं आणि आजारी माणसंही येतात. शिवाय ज्या घरात लहान मूलच नाही, तीही घरं सरासरीत आहेत. त्यामुळे 'भारतातली आई मुलाला रोज १३४ मिनिटं देते' असं वाक्य या आकड्यावरून लिहिता येत नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. भाकरी थापताना मूल मागे रांगत होतं, ते आठवा. त्या बाईला दुसऱ्या दिवशी विचारलं, 'आठ ते साडेआठ काय केलं?' ती सांगणार, 'भाकऱ्या केल्या.' मूल चुलीजवळ जाऊ नये म्हणून तिने पाच वेळा मागे ओढलं, हे ती सांगणार नाही, कारण तिच्या लेखी ते वेगळं कामच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या कालवापर वर्गीकरणात मुलावर नुसतं लक्ष ठेवण्याला वेगळी जागा आहे. पण सांगणाऱ्याने सांगितलंच नाही तर ती जागा रिकामी राहते.

३. विचारण्याऐवजी बघायचं ठरवलं तर?

मग दुसरी पद्धत येते. मानवशास्त्रात तिला 'स्पॉट ऑब्झर्व्हेशन' म्हणतात, आपण 'क्षणनोंद' म्हणू. रूथ आणि रॉबर्ट मन्रो या संशोधकांनी केनियातल्या लोगोली समाजात तान्ह्या मुलांच्या संगोपनासाठी ती वापरली आणि १९७१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कल्पना सोपी आहे. आधी चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांवरून वेळा ठरवायच्या. त्या वेळी घरी जायचं आणि पोचल्याच्या *पहिल्या क्षणी* जे दिसलं ते लिहायचं : मूल कुठे आहे, कोणाच्या अंगावर आहे, हाकेच्या अंतरावर कोण आहे, ती व्यक्ती दुसरं काय करते आहे.

समजा २० घरं आणि प्रत्येक घरी ३० भेटी. एकूण ६०० नोंदी झाल्या. त्यातल्या १५० वेळा मूल थोरल्या भावंडाजवळ दिसलं, म्हणजे २५ टक्के. 'दिवसाचा पाव भाग मूल भावंडाजवळ होतं' असं तुम्ही म्हणू शकता, आणि हे कोणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

पण मर्यादाही लिहा. एकाच घरातल्या ३० नोंदी एकमेकींसारख्याच असणार, त्यामुळे ६०० नोंदी म्हणजे ६०० घरं असं समजून चाचणी लावू नका. रात्रीचं जागरण या पद्धतीत येत नाही, ते विचारावंच लागतं. आणि पाहुणा दारात दिसला की आई लगेच मुलाला उचलून घेते, म्हणून पहिला क्षण महत्त्वाचा.

हंगामाचंही बघा. खुरपणीच्या दिवसांतलं घर आणि उन्हाळ्यातलं घर सारखं नसतं. बीडच्या एखाद्या गावात तुम्ही जानेवारीत गेलात तर ऊसतोडीला गेलेल्या घरांतली तान्ही मुलं गावात सापडणारच नाहीत, ती आईबापांबरोबर फडावर असतात. गावात उरलेल्या मुलांवरून काढलेला निष्कर्ष 'गावातल्या मुलांचा' राहत नाही.

४. गावचे शब्द आधी ऐका

'बालसंगोपन' हा शब्द घेऊन वस्तीवर गेलात तर लोक तुमच्या तोंडाकडे बघतील. तिथे वेगळी क्रियापदं आहेत. पोराला *घेणं*, *राखणं*, *खेळवणं*, *निजवणं*, *भरवणं*, *बघणं*. नीट ऐकलं तर या शब्दांतच वर्गवारी आहे. 'आजी बघते' म्हणजे आजी बसल्या जागेवरून लक्ष ठेवते. 'थोरली घेते' म्हणजे ती कडेवर घेऊन हिंडते. वडील 'खेळवतात', पण 'राखतात' असं क्वचितच ऐकू येतं. प्रत्येक भागात हे शब्द आणि त्यांचे अर्थ थोडे वेगळे असतील. म्हणून प्रश्नावली छापण्याआधी आठ-दहा दिवस नुसतं ऐका, शब्दांची यादी करा आणि मग प्रश्न त्यांच्या शब्दांत लिहा. 'तू धाकट्याला घेतेस का गं? कधी कधी?' या प्रश्नाला आठ वर्षांची मुलगी उत्तर देते. 'संगोपनात तुझा सहभाग किती?' याला कोणीच देत नाही.

५. याने फरक काय पडतो?

गाईड हा प्रश्न विचारणारच. त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. तिथे असं दिसलं की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्याकडे धाकटं भावंड आहे. आणि मुलगा येत नाही, कारण त्याच्याकडे गुरं आहेत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून 'विकासवाडी' उभी राहिली, आणि गुराख्या मुलांसाठी 'कुरणशाळा' भरू लागली.

'मूल आई सांभाळते' एवढंच धरून चाललं असतं तर मुलीच्या गैरहजेरीचं कारण 'पालकांची अनास्था' असं लिहिलं गेलं असतं. मूल प्रत्यक्षात कोणाच्या कडेवर आहे हे बघितलं, म्हणून उपाय पाळणाघराचा निघाला. २००५ च्या रोजगार हमी कायद्यातही हेच तत्त्व होतं : कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांच्यातल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. म्हणजे पोरं राखणं हे काम आहे, हे कागदावर मान्य झालं. तुमचं मोजमाप चुकलं तर असं काम आणि ते करणारी आठ वर्षांची मुलगी, दोन्ही हिशेबातून गळतात.

६. घरात शिरण्याआधी

न सांगता कोणत्याही वेळी कोणाच्या घरी जाणं ही लहान गोष्ट नाही. भेटी कशा असतील हे आधी घरातल्या बाईला *स्वतंत्रपणे* समजावून सांगा, नुसती सासऱ्यांची परवानगी पुरत नाही. ती 'आज नको' म्हणाली तर परत फिरा आणि तशी नोंद करा. थोरल्या बहिणीशी बोलायचं तर पालकांची संमती हवी आणि तिचा स्वतःचा होकारही. ती शाळा बुडवते हे तिने सांगितलं, तर ते तिच्या गुरुजींपर्यंत तुमच्याकडून जाता कामा नये. आणि पोचलात तेव्हा मूल चुलीच्या किंवा हौदाच्या कडेला एकटं दिसलं तर वही बाजूला ठेवा, आधी मूल उचला. ती एक नोंद बिघडली तरी चालेल.

आता तुमचा विषय पुन्हा लिहू

'ग्रामीण भागातील बालसंगोपन : एक अभ्यास' याऐवजी : 'कोरडवाहू शेती करणाऱ्या कुटुंबांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांवर दिवसा लक्ष ठेवण्याच्या वेळेची घरातल्या व्यक्तींमधील विभागणी : खरिपाचा हंगाम आणि उन्हाळा यांची तुलना'. लांबलचक झालं खरं, पण कोण, काय, कुठे आणि कधी हे सगळं त्यात आलं. गाव आणि तालुका तुम्ही भरा.

एक गृहपाठ देतो. ओळखीच्या एका घरी, त्यांना विचारून, एका दिवसात ठरवलेल्या दहा वेळी जा आणि क्षणनोंद करा. संध्याकाळी त्याच घरी विचारा, 'आज पोराला कोणी सांभाळलं?' दोन्ही उत्तरं एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. त्यांच्यात जे अंतर दिसेल, तिथून सिनॉप्सिसमधला 'संशोधनाची गरज' हा परिच्छेद लिहायला घ्या.

पुढच्या लेखात नमुना निवडीबद्दल बोलू : वीस घरं निवडायची तर ती कोणती आणि का.