चित्र फुटलं तरी चालेल

परभणी जिल्ह्यातल्या शाळांच्या सहलीचा मार्ग बहुतेक ठरलेला. लाल परी भल्या पहाटे निघते. येलदरीचं धरण, औंढा नागनाथाचं देऊळ, जमलंच तर लोणारचं सरोवर, आणि रात्री उरलेल्या दशम्यांसह पोरं घरी. त्याच औंढ्याजवळ आता गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा होईपर्यंत औंढा परभणी जिल्ह्यातच होतं, म्हणजे वेधशाळा तशी घरचीच.

पण तिथे सहल न्यायची कशी? काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. भुजेच्या टोकाच्या आरशावरून लेसरचा झोत परत येतो आणि भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी तो कळतो. अमेरिकेत हॅनफर्डला अशीच वेधशाळा आहे. तिथे २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये भलत्याच खुणा उमटू लागल्या. शोध घेतल्यावर कळलं, की तहानलेले डोमकावळे थंडगार नळ्यांवर साचलेल्या बर्फाला चोच मारताहेत. जिथे कावळ्याची चोचही नोंदली जाते, तिथे दोन गाड्या भरून आलेल्या सातवीच्या पोरांमुळे काय होईल ते सांगायला नको. शिवाय ज्या निर्वात नळीतून लेसर धावतो, तिच्यात मोजणी चालू असताना शास्त्रज्ञालाही शिरता येत नाही. पडद्यावरची सहल काढावी ती अशा ठिकाणी. नदीकाठी जायला पाय पुरतात, तिथे प्रोजेक्टर लावणं हा मला शुद्ध आळस वाटतो.

ही कल्पना कोरोनाच्या काळात जन्मली असा समज आहे, तो खरा नाही. १९८५ मध्ये टायटॅनिकचे अवशेष सापडल्यावर ते शोधणाऱ्या रॉबर्ट बॅलार्ड यांच्याकडे मुलांच्या पत्रांचा ढीग लागला. त्यातून १९८९ मध्ये त्यांनी भूमध्य समुद्राच्या तळाचं थेट दर्शन वर्गांना घडवलं. आपल्याकडे तर त्याआधीच, ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली होती. त्यात महाराष्ट्र नव्हता. शेजारचे कर्नाटक आणि आंध्र होते. फक्त एक उणीव होती. पडदा बोलायचा आणि गाव ऐकायचं. उलट विचारायची सोय नव्हती.

ती सोय झाली तरी तिच्यात एक खोच आहे. माणसं बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. दहा भाषांच्या एका अभ्यासात थोड्याफार फरकानं हेच दिसलं. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परतायला आणखी पाव. या अर्ध्या सेकंदात प्रश्न विचारणाऱ्या मुलीला वाटतं, की समोरच्याला आपलं कळलंच नाही. ती पुन्हा विचारते, तिकडून उत्तर निघालेलं असतं आणि दोघांचे आवाज एकमेकांत अडकतात. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून जमिनीवरची तार बरी. तीही अडखळत असेल तर एकच उपाय: एका वेळी एकच मूल बोलेल, आणि प्रश्न संपला की ‘बस, एवढंच’ म्हणेल.

चित्राची गोष्ट आणखी गमतीची आहे. ७२० ओळींचं चित्र सेकंदाला तीस वेळा जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ६६ कोटी बिट लागतात. प्रत्यक्षात पंधरा-वीस लाखांत भागतं. ही कपात होते ती चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येक चौकोन थोड्या आकड्यांत मांडणाऱ्या गणितामुळे. त्याच्या मुळाशी बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आहेत. १९७२ मध्ये त्यांनी या संशोधनासाठी अमेरिकेत अनुदान मागितलं, तर कल्पना फारच सोपी आहे म्हणून नकार मिळाला. १९७४ मध्ये त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत ती प्रसिद्ध केली, आणि आज जगातले बहुतेक व्हिडिओ तिच्या किंवा तिच्या भावंडांच्या जोरावर चालतात. दुसरी युक्ती अशी, की आधीच्या चित्रापेक्षा जे बदललं तेवढंच पाठवायचं. म्हणून फळ्यासमोर उभ्या असलेल्या बाई स्वच्छ दिसतात. पण वाऱ्यात डोलणारी कपाशी दाखवायला गेलात की प्रत्येक पान बदलतं, रेंज पुरत नाही आणि शेताचे चौकोन होतात. मुलं ओरडतात, “सर, फुटलं!” अशा वेळी व्हिडिओ बंद करून आवाज चालू ठेवावा. आवाजाला चित्राच्या मानानं फारच थोडा डेटा लागतो. चित्र फुटलं तरी चालेल, प्रश्न पोहोचला पाहिजे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ स्पर्धकांत वाटली. पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडमुळे ते सर्वांना माहीत झाले. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. सुट्टीच्या दिवशी ते घरातल्या प्रयोगशाळेतून देशोदेशीच्या वर्गांना प्रयोग दाखवायचे. म्हणजे यजमान सोलापूर जिल्ह्यात आणि पाहुणे परदेशात.

ॲपच्या भरवशावर मात्र राहू नये. गुगलचं आभासी सहलींचं ‘एक्सपिडिशन्स’ ॲप २०२१ मध्ये बंद झालं, स्काइप मे २०२५ मध्ये. स्काइपवर दोन वर्ग हो-नाहीच्या प्रश्नांतून एकमेकांचा ठावठिकाणा ओळखायचा खेळ खेळत. तो कुठल्याही व्हिडिओ कॉलवर खेळता येतो. दर प्रश्नाला शक्यता निम्म्यावर आणता आल्या तर वीस प्रश्नांत दहा लाखांतली एक जागा सापडते.

परभणीनं यजमान व्हायचं तर दाखवायला पायाखालीच काळी माती आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट झिजून ती झाली. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीचे थर पाणी शिरलं की एकमेकांपासून सरकतात, माती फुगते. वाळली की आक्रसते आणि तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका ताटात काळ्या मातीचा चिखल, दुसऱ्यात ओली वाळू, दोन्ही उन्हात ठेवून पट्टीनं रोज मोजायचं. वाळू तडकत नाही. का, हे समजावायला परभणीतच १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथले मृदाशास्त्रज्ञ त्याच कॉलवर येऊ शकतात. आणि मातीला वाऱ्यात डोलायची सवय नसल्यानं चित्रही फुटत नाही.

अडचण वेळापत्रकाची. भेगा रुंदावतात एप्रिल-मेमध्ये. मेमध्ये सुट्टी, एप्रिलमध्ये सकाळची शाळा. युरोपातला वर्ग गाठावा तर त्यांची शाळा भरेपर्यंत आपली सुटायला येते. जपान मात्र साडेतीन तास पुढे. परभणीत साडेसात वाजतात तेव्हा तिकडे अकरा झालेले असतात, आणि एप्रिलमध्ये त्यांचं शालेय वर्ष नुकतंच सुरू झालेलं असतं. ऊन चढायच्या आणि वीज जायच्या आत तास उरकतो.